मचाणाखालचा आदर्श पालक

दर वर्षी जून महिना लागला की तो फोटो परत येतो. फादर्स डे म्हणून काहीतरी असतं ना, त्याच्या आदल्या दिवसापासून सुरू होतं. आधी शाळेच्या जुन्या ग्रुपवर, मग मामाकडच्या, मग कुठून कुठून फिरून आमच्याच गावातल्या कुणाच्या तरी स्टेटसला. फोटोत उभ्या ज्वारीच्या मधोमध चार खांबांवर बांधलेलं मचाण आहे. मचाणावर मोबाइल धरून बसलेली दहावीतली पोरगी आहे. खाली एका खांबाला हात लावून एक माणूस उभा आहे, डोक्याला टोपी, अंगात पांढरा सदरा, पाय अनवाणी. फोटोखाली लिहिलेलं असतं, ‘बाप असावा तर असा.’ त्याच्यापुढं जोडलेले हात आणि लाल बदाम, ओळीनं.

ती पोरगी मी. तो माणूस म्हणजे माझे बाबा. आणि तो फोटो बघितला की माझं डोकं फिरतं.

लोकांना वाटतं मला भरून येत असेल. येतं ना. रागानं भरून येतं. कुणी विचारलं की मी सांगायला लागते, आणि अर्ध्यातच माझा आवाज असा चढतो की समोरचा म्हणतो, बरं बरं, चहा घे. म्हणून आता लिहूनच काढते. मी परभणीला वकिली शिकते आहे, आपली बाजू मुद्द्याला धरून मांडायची असते असं आम्हाला तिथं शिकवतात. बघू किती जमतं ते.

आमचं गाव पेडगावच्या बाजूला, ओढ्याच्या खोलगटात बसलेलं. गावात तेव्हाही रेंज नव्हती, आजही नाही. टॉवरची माणसं एकदा येऊन गेली. त्यांनी ओढ्याकाठी फिरून बघितलं, सरपंचांच्या ओसरीवर पोहे खाल्ले, ‘होऊन जाईल’ म्हणाले आणि गेले. ते जे गेले ते गेलेच. फोन लावायचा तर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढा, नाहीतर आमच्या शेतात या. आमचं शेत चढावर आहे, तिथं मात्र मोबाइलवर काड्या उठायच्या. तेही जमिनीवर नाही, मचाणावर चढल्यावर.

मचाण काही मोबाइलसाठी बांधलेलं नव्हतं. ते पाखरं हाकायला असतं. आमच्याकडं रब्बीची टाळकी ज्वारी असते. थंडीत कणसात दाणा भरायला लागला की भोरड्या येतात. शहरातल्या माणसाला भोरडी माहीत नसेल तर सांगते, काळ्या-गुलाबी अंगाचं, साळुंकीएवढं पाखरू. एकटं कधी येत नाही. ओढ्याच्या बाभळींवरून थवा उठतो, आभाळात एक वळण घेतो आणि ज्या शेतात शांतता असेल तिथं उतरतो. उतरला की दाणे टिपून कणसं पांढरी करूनच उठतो.

तर ही पाखरं हाकायची आमच्या शिवारात एक रीत आहे. ज्यानं थवा आधी बघितला त्यानं मचाणावरून हाळी द्यायची. ती ऐकली की शेजारच्या शेतातला उठणार, तो हाळी देणार, मग त्याच्या पलीकडचा. हाळी शेतांमागून शेतं फिरत जाते आणि पाखराला शिवारात कुठंच टेकायला जागा राहत नाही. शेवटी ते वैतागून कुठल्या तरी दुसऱ्या गावावर जाऊन पडतं, मग ते गाव जाणे. आमचं शेत चढावर, त्यामुळं थवा पहिल्यांदा दिसायचा तो बाबांना. पहिली हाळी त्यांचीच असायची.

आणि काय हाळी होती! ‘हुर्याऽऽ होऽऽ’ म्हणून बाबांनी छातीतून आवाज काढला की ओढ्यापलीकडची कुत्री उठून उभी राहायची. आजी म्हणायची, ह्याच्या जन्माच्या वेळी सुईण बहिरी झाली. हिवाळ्यात अर्धं गाव बाबांच्या पहिल्या हाळीवर चुलीला जाळ घालायचं.

पण हा आवाज फक्त शेतातला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मोजणीसाठी बाबा एकदा तालुक्याच्या कचेरीत गेले होते, मला सोबत घेऊन. मी चौथीत असेन. बाबांनी तिथं त्यांच्या परीनं हळूच बोलायला सुरुवात केली, तर टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ओरडू नका, हे वावर नाही." बाबा गप झाले. त्यानंतर जे बोलायचं होतं त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडातून निघालं नाही. मोजणी व्हायची तशी झाली. परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "माय, तू वकील हो. तिथं उभं राहून बोल. तुला कुणी गप म्हणणार न्हाई."

माझं वकिलीचं स्वप्न म्हणतात ते हे. माझं कमी, त्यांचं जास्त.

कोरोनातल्या त्या हिवाळ्यात शाळा उघडली, बंद झाली, परत उघडली, परत बंद झाली. मी दहावीत. दहावीला मार्क पडले नाहीत तर पुढं परभणीला कोण पाठवणार होतं मला? बारावी, मग वकिली, हे सगळं त्या एका वर्षावर टांगलेलं. पेडगावचं आमचं हायस्कूल मोबाइलवर भरायला लागलं. मामाचा जुना मोबाइल आमच्याकडं आला, कोपऱ्यात काच तडकलेला. कानात घालायचं काही त्याच्यासोबत नव्हतं, त्यामुळं आवाज मोकळाच यायचा. सकाळी तो मोबाइल पदरात गुंडाळून आई मला द्यायची, आणि मी बाबांच्या मागं मागं शेतात, मचाणावर.

आमच्या वर्गाचा सगळा कारभार एका सरांकडं होता. गणितही तेच, विज्ञानही तेच. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला की सगळ्यांनी माईक चालू ठेवायचा. माईक बंद म्हणजे पोरगं झोपलं, गैरहजेरी लागणार. आणि दुसरा नियम, कुणाच्या घरातून आवाज आला तर त्याला बाहेर काढणार. आता मला सांगा, खेड्यातल्या चाळीस घरांतले माईक चालू ठेवायचे आणि आवाज येऊ द्यायचा नाही? म्हशीला काय सांगायचं, सरांचा तास आहे? कुणाच्या घरी पीठ मळताना परात वाजली की पोरगं बाहेर. कुणाची आजी खोकली की बाहेर. गंमत वाटेल वाचताना. तेव्हा वाटत नव्हती. बाहेर काढलेलं पोरगं त्या दिवशीचं गणित कुणाला विचारणार होतं? आईबाप तिसरी-चौथी शिकलेले.

बाबांना मोबाइलमधल्या शाळेचं काही कळत नव्हतं, पण शाळा म्हणजे शाळा, एवढं कळत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मचाणाखाली चपला काढल्या. मी वरून विचारलं, "बाबा, काटे हायत खाली, चपला कामून काढल्या?" तर म्हणाले, "वर सर हायत ना." दुसऱ्या दिवशी ते पांढरा सदरा घालून आले. जो सदरा लग्नाला आणि मयतीला निघायचा, तो घालून माणूस ज्वारी राखायला! मी सांगितलं, सरांना तुम्ही दिसत नाही, फक्त मी दिसते. ते म्हणाले, "तुला काय ठावं, त्यांचं त्यांना दिसत असंल." आणि मचाणावर ते बसेचनात. मास्तर शिकवत असताना बापानं पोरीच्या मांडीला मांडी लावून बसायचं त्यांना बरं दिसत नव्हतं. मचाणावरनं पाखरं हाकणारा माणूस जमिनीवर, ज्वारीत डोक्यापर्यंत बुडालेला, टाचा उंचावून आभाळाकडं बघत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा चांगला भरायला लागला होता. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. बाभळींवरून थवा उठला. बाबांनी बघितला आणि सवयीनं छाती भरून हाळी दिली.

सरांच्या हातातला खडू खाली पडला. मोबाइलमधून ओरडले, "कोण आहे तो? कोण केकाटतंय तिकडं?" मी म्हणाले, "सर, माझे वडील आहेत. पाखरं..." "हे काय वावर आहे का? आधी गप कर त्याला. परत असा आवाज आला तर तुला कायमची काढून टाकीन, मार्कांच्या वेळी मग रडत येऊ नको." चाळीस पोरं ऐकत होती. दोन-चार हसली. आणि आवाज मोकळा, त्यामुळं मचाणाखाली बाबांनीही सगळं ऐकलं.

त्यांनी काय केलं असेल? टोपी काढली आणि वर मोबाइलच्या दिशेनं हात जोडले. सरांना ते दिसत नव्हते, दिसणारही नव्हते. तरी म्हणाले, "चुकलं सर. पुन्हा न्हाई व्हनार. लेकराला काढू नका." तो तास कसा संपला मला आठवत नाही. एवढंच आठवतं की वहीवर पेन इतका दाबला होता की पान फाटलं. ‘हे वावर आहे का’ म्हणे. अहो, वावरच होतं ते! वावरात तुमची शाळा आली होती, आम्ही तुमच्या शाळेत नव्हतो आलो.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी हाळी बंद केली.

गोफणही बंद, कारण ती सुटताना फाट्‌कन वाजते. पत्र्याचा डबा घरी नेऊन ठेवला. आईचं एक जुनं लुगडं फाडून काठीला बांधलं आणि थवा उतरला की ते फडकवत शेतभर पळायचे. अनवाणी. ज्वारीची धाटं अंगाला घासली तर आवाज येईल म्हणून सरीतून आडवं होऊन पळायचे. मी वर बसून समीकरणं सोडवायची आणि खाली बाप मुक्यानं पळतोय. खोकला आला तर तोंडात टोपी कोंबायचे. पाखरांना काय, फडक्याला दोन दिवस भ्याली, तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की ह्या माणसात काही दम राहिलेला नाही. बाबा ह्या टोकाला गेले की ती त्या टोकाला उतरायची.

लोक ज्या फोटोला बदाम देतात ना, तो ह्या दिवसांतला आहे.

मी सरांना फोन करून विनवलं, सकाळचा तास दुपारी घ्या, दुपारी पाखरू नसतं. सर म्हणाले, "शाळा पाखरांच्या वेळेनं चालते का?" दुपारी त्यांना गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला जायचं असायचं, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. शाळा प्लॉटच्या वेळेनं चालत होती, ते चालत होतं.

आठवडाभरात आमचे धुरेकरी आले. धुरेकरी म्हणजे ज्यांच्या आणि आमच्या शेतांमध्ये एकच धुरा, शेजारचे शेतकरी. मी त्यांना काका म्हणते. तासाच्या मध्येच ते धुऱ्यावर येऊन उभे राहिले, तोंड लालबुंद. बाबा ओठावर बोट ठेवून त्यांच्याकडं पळाले आणि त्यांना हाताला धरून पार खालच्या टोकाला घेऊन गेले. तरी काकांचा आवाज मला ऐकू येत होता.

"काय झालंय भाऊ तुमाला? तोंडाला कुलूप लावलंय का? तुमची हाळी न्हाई म्हनून आमाला कळंना पाखरू कवा आलं. समद्यांची कनसं पांढरी व्हायलीत."

बाबा काहीतरी हळू बोलले.

"शाळा? तुमच्या लेकीच्या शाळंपायी आख्ख्या शिवारानं भोरड्या पोसायच्या का?"

बाबा परत काहीतरी बोलले. मग काका एवढंच म्हणाले, "त्यो मास्तर भाकर देनार हाय का समद्यांना?" आणि गेले.

तेव्हा मला काकांचा राग आला होता. नंतर विचार केला तेव्हा कळलं, त्या सगळ्या भानगडीत खरं बोलणारा तो एकच माणूस होता. बाकी सगळे कौतुक करत होते. आई कौतुक करत होती, मामा कौतुक करत होता, माणसानं लेकीसाठी किती सोसावं म्हणून. का सोसावं पण? बापानं मुकं झाल्याशिवाय लेकीला गणित येत नाही, असा कुठला कायदा आहे?

मग तो फोटो. सरांनी ग्रुपवर हुकूम सोडला, प्रत्येकानं घरी अभ्यास करतानाचा फोटो पाठवा, वर पाठवायचा आहे. आई शेजारणीचा मोबाइल मागून भाकरीसोबत शेतात घेऊन आली होती, तिनं काढला. तिला काढता येत नव्हता, बोट मध्ये येत होतं. मला वाटलं सर बघतील, ज्वारी बघतील, मचाण बघतील, बाबांचे पाय बघतील आणि काहीतरी त्यांच्या ध्यानात येईल. म्हणतील, अरे, ह्या माणसाला आपण ओरडू नको म्हणालो.

सरांनी फोटो बघितला. त्यांना तो फार आवडला. त्यांनी तो ‘माझी विद्यार्थिनी’ असं लिहून सगळीकडं पाठवला. वरून शाबासकी आली. मग ठरलं की ऑनलाइन पालक मेळावा घ्यायचा, जिल्ह्याचे एक मोठे साहेब पाहुणे येणार, आणि बाबांना ‘आदर्श पालक’ म्हणून मान द्यायचा. मान म्हणजे काय, साहेब परभणीत त्यांच्या खुर्चीवर बसणार, सर त्यांच्या घरी, आम्ही मचाणावर. शाल-नारळ नंतर पोचतं करणार होते. नारळ आजपर्यंत पोचायचाच आहे.

सरांनी मला फोन करून बजावलं, "वडिलांना दोन शब्द बोलायला सांग. चांगलं बोलायचं. शिक्षणाचं महत्त्व वगैरे." ज्यांना गप केलं त्यांनाच आता दोन शब्द बोलायला सांगत होते. मला वाटलं मोबाइल ओढ्यात फेकून द्यावा.

बाबा मात्र रात्रीपासून घाबरलेले. आईला विचारत होते, काय बोलू? आई म्हणाली, जे मनात हाय ते बोला. बाबा म्हणाले, "मनात हाय त्ये तिथं चालतं का?"

मेळावा सकाळीच होता, पाखराच्या वेळेला. बाबांनी पांढरा सदरा घातला, टोपी झटकून घातली, मचाणाखाली चपला काढल्या. सरांनी वर बसायला सांगितलं म्हणून त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा बाबा मचाणावर चढले आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. मोबाइल मी हातात धरलेला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी, एकीत सर, अंगात कोट, एकीत साहेब, बाकी पोरं आणि त्यांचे आईबाप. सरांनी भाषण केलं. म्हणाले, ह्या पालकांनी मुलीच्या शिक्षणासाठी शेतात शाळा उभी केली, अशा पालकांपुढं मी नतमस्तक आहे. नतमस्तक हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मी मोजला.

मग साहेब बोलले. माणूस वाईट नव्हता, मला आठवतं. म्हणाले, "काका, बोला. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे आम्हाला."

बाबांनी हात जोडले. ओठ हलले. आवाज नाही.

"काका, ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

बाबा परत ओठ हलवायला लागले. त्यांचा घसा हलताना दिसत होता मला. इतके दिवस ज्या घशाला गप, गप म्हणून दाबून धरलं होतं त्याला आता मोठ्यानं बोल म्हणत होते. सर हसत हसत म्हणाले, "लाजतायत. खेडेगावातली साधी माणसं, साहेब."

मी सरांना काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात बाभळींवरून थवा उठला. मोठा होता, त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा असेल. आभाळात वळला आणि आमच्या अन् काकांच्या धुऱ्यावर, उरलीसुरली जी ज्वारी होती तिच्यावर उतरायला लागला. बाबांची नजर मोबाइलवरून उठली आणि तिकडं गेली. मग माझ्याकडं बघितलं. अगदी हळू, ओठातल्या ओठात विचारलं, "माय, चालू हाय का त्ये?"

माईक चालू होता. सरांचा नियमच होता तसा.

मी म्हणाले, "न्हाई बाबा. बंद हाय. द्या हाळी."

बाबा मचाणावर उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि त्या सगळ्या दिवसांत जी जी हाळी त्यांनी गिळली होती ती सगळी एकदम बाहेर आली. मचाण हललं. माझ्या हातातला मोबाइल हलला. पडद्यावर साहेब खुर्चीतून मागं सरकले, सरांनी कानावर हात ठेवले, एका चौकटीतलं तान्हं लेकरू रडायला लागलं. थवा उतरता उतरता थबकला. आणि धुऱ्यापलीकडून काकांची हाळी आली. इतके दिवस रागानं धुमसत असलेला माणूस, पण हाळी ऐकली की हाळी द्यायची, एवढंच त्याला माहीत. काकांच्या मागून त्यांच्या पलीकडच्या शेतातली, मग ओढ्याकडची, मग पार झरीच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतांतली. सगळं शिवार उठलं. भोरड्या वर वर जात दिसेनाशा झाल्या.

मोबाइलमधून सर ओरडत होते, "कोण आहे तो? काय चाललंय हे? बंद करा!"

मी मोबाइल तोंडाजवळ घेतला. "सर," मी म्हणाले, "तुमचे आदर्श पालक बोलतायत. साहेबच म्हणाले ना, मोठ्यानं बोला?"

सरांनी आम्हाला मेळाव्यातून काढून टाकलं.

संध्याकाळी टाकीवर चढलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर सरांचा निरोप आला. साहेबांसमोर शाळेची इज्जत गेली. उद्या वडिलांनी स्वतः येऊन माफी मागितली तरच मला वर्गात घेणार, नाहीतर नाव विसरा. बाबांना तेव्हा कळलं की माईक चालू होता. ते मला म्हणाले, "तू तर बंद हाय म्हनलीस."

"खोटं बोलले."

आई म्हणाली, आता ह्या पोरीला मारा. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "मारायचं कशाला? वकील व्हनार ही, नक्की."

पण हसून झालं की त्यांनी सदरा खुंटीवरून काढला आणि घडी घालून उशाशी ठेवला. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊन माफी मागून येतो म्हणाले. मी भांडले, रडले, जेवले नाही. तुम्ही गेलात तर मीच शाळेत जाणार नाही म्हणाले. बाबांचं एकच, "माझ्या दोन शब्दानं तुझं वरीस वाचत आसंल तर बोलून येतो की. मला काय व्हतंय." त्यांना काय होतंय! मला मरेपर्यंत विसरता येणार नाही असं वाक्य आहे ते. आम्हाला काय होतंय म्हणत म्हणत ह्या माणसांनी जन्म काढले, आणि वरची माणसं तेच धरून बसली, की ह्यांना काही होत नाही.

सकाळी बाबा सदरा घालून निघाले तर दारात काका उभे. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असणार. त्यांनी बाबांना वरून खाली बघितलं. म्हणाले, "कुठं निघालाव?"

"शाळंत. माफी मागून येतो."

"मंग पाखरं कोन हाकनार? काल लय दिसांनी कुठं शिवार जागं झालंय. तुमी गेलाव तर आज परत पडतील." आणि बाबांच्या हातात त्यांनी गोफण दिली, स्वतःची. "मास्तरला म्हनावं, यायचं तर वावरात ये. आमी समदे तिथंच हाव."

बाबा उंबऱ्यातच थांबले. किती वेळ थांबले असतील, आईनं आतून चहा आणून दिला आणि तो निवला. मग त्यांनी सदरा काढला, खुंटीला लावला, बंडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि शेताकडं चालायला लागले. मागं वळून मला म्हणाले, "मोबाइल घे."

मी वर्गात शिरायचा प्रयत्न केला. सर घेतील असं वाटत नव्हतं. पण घेतलं. नंतर कळलं, साहेबांनी सकाळीच सरांना फोन करून विचारलं होतं की ते हाळी देणारे काका, म्हणजे माझे बाबा, कसे आहेत, पुढच्या वेळी प्रत्यक्ष भेटायचं आहे. आता साहेब कधी आले नाहीत, ते सोडा. पण एका फोनपुरती सरांची जीभ आखडली. जे आमच्या विनवण्यांनी झालं नाही ते वरच्या एका फोननं झालं, ह्याचाही मला रागच आहे.

ज्वारी त्या वर्षी फारशी हाती लागली नाही, आमची नाही आणि काकांचीही नाही. शिवारातल्या कित्येकांची कणसं बाबांच्या गप बसण्यात गेली होती. त्याबद्दल कुणी बाबांना परत बोललं नाही, आणि सरांना तर कधीच कुणी बोललं नाही. फोटोखाली ह्यातलं काही लिहिलेलं नसतं. फोटोत बाबांचं तोंड बंद आहे, म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो असं मला वाटतं.

त्या दिवशी बाबा चपला घालूनच मचाणावर चढले आणि माझ्याशेजारी बसले. मी म्हणाले, "बाबा, माईक चालू हाय बरं का. खरंच चालू हाय." ते म्हणाले, "आसू दे." सर भूमिती सांगत होते. थवा उठला. बाबा उभे राहिले आणि हाळी दिली, मग काकांनी दिली, मग ओढ्याकडच्यांनी. सर वाक्याच्या मधेच थांबले. तोंड कडू झालं होतं, पण मला वर्गातून काढलं नाही. जितके दिवस शेतात ज्वारी उभी होती तितके दिवस, हे रोज असंच चाललं. बाबांची हाळी सुरू झाली की सर खडू खाली ठेवायचे, पार लांबच्या शेतातली शेवटची हाळी विरेपर्यंत वाट बघायचे, आणि मग पुढं शिकवायचे.